फोनच्या पाठीवरची रिकामी खोबण

ऑफिसच्या टेबलावरचा फोन उलटा करून सहसा कोणी पाहत नाही. सिस्कोचा ७९६० हा २००० सालच्या सुमाराचा फोन मात्र पाहण्यासारखा आहे. त्याच्या पाठीवर ओळीनं खोबणी आहेत. एकीत रिसीव्हरची वेटोळी वायर जाते, दुसरीत भिंतीकडून आलेली नेटवर्कची केबल, तिसरीत शेजारच्या कॉम्प्युटरकडे जाणारी केबल. आणि एक बारीकशी गोल खोबण, जिच्याजवळ ‘डीसी ४८ व्ही’ असं लिहिलेलं असतं. बहुतेक ऑफिसांत ही खोबण फोन आला तेव्हापासून तो भंगारात जाईपर्यंत रिकामीच राहिली. फोन मात्र चालूच, पडद्यावर तारीख-वेळ दिसतेय, लाल दिवा लुकलुकतोय.

वीज नेटवर्कच्या केबलमधूनच येते, हे उत्तर आज कुठलाही केबल ओढणारा मुलगा देईल. पण ती खोबण मुळात का ठेवावी लागली आणि मग रिकामी का राहिली, याची गोष्ट सव्वाशे वर्षं मागे जाते. वरवर ती विजेची गोष्ट वाटते. खरं म्हणजे बॅटरीची उस्तवार कोणी करायची, याचा तो जुना वाद आहे.

नवसागराच्या बरण्या

ग्रॅहम बेलला टेलिफोनचं पेटंट मिळालं १८७६ साली. पुढच्या काही वर्षांत कार्बनचा ट्रान्समीटर आला आणि आवाज मोठा झाला, पण त्याला सतत थोडा विद्युतप्रवाह लागायचा. तो कुठून आणायचा? घराघरांत वीज नव्हती. मग प्रत्येक फोनखाली लाकडी पेटीत बॅटरी ठेवली जाई. ही बॅटरी म्हणजे काचेची बरणी, तिच्यात नवसागराचं पाणी आणि त्यात बुडवलेली जस्ताची कांडी. पाणी आटलं किंवा जस्त झिजलं की बोलणाऱ्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा खोल जाई. कंपनीचा माणूस दारोदार फिरून बरण्या भरायचा आणि कांड्या बदलायचा. शिवाय एक्स्चेंजला हाक मारायला पेटीच्या बाजूचा दांडा गरागरा फिरवावा लागे. १८८२ साली मुंबई, कोलकाता आणि मद्रासला टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाली, तेव्हा जगभर हीच रीत होती. फोन ज्याचा, बॅटरीही त्याच्याच घरी.

डिसेंबर १८९३मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्झिंग्टन या गावी बेल कंपनीनं ही रीत मोडली. हॅमंड हेज हे कंपनीचे अभियंते या कामामागे होते. गावभरच्या बरण्या हद्दपार करायच्या आणि एक्स्चेंजच्या एकाच खोलीत मोठी सामायिक बॅटरी ठेवायची, अशी ही योजना होती. बोलणं नेणाऱ्या त्याच दोन तारांवरून वीजही पाठवायची. रिसीव्हर उचलला की मंडल पूर्ण होतं, प्रवाह वाहू लागतो आणि तो वाहतोय हे दिसलं की ऑपरेटरला कळतं की कोणीतरी हाक मारतंय. त्यामुळे दांडाही गेला. बॅटरीची जबाबदारी गिऱ्हाइकाच्या घरातून उठून एक्स्चेंजमध्ये गेली आणि पुढची शंभर वर्षं तिथेच राहिली.

त्या बॅटरीचा आकडा यथावकाश ४८ व्होल्टवर स्थिरावला. दोन व्होल्टचे चोवीस शिसे-आम्लाचे सेल एकापुढे एक जोडले की ४८ होतात. बारीक तांब्याच्या तारेतून काही किलोमीटर जायला हा दाब पुरतो आणि कोरड्या हाताला तो सहसा जाणवतही नाही. पुढे सुरक्षेच्या नियमांनी ६० व्होल्ट डीसीची रेघ आखली. तिच्याखालचं काम करायला घरातल्या वायरिंगइतके सोपस्कार लागत नाहीत. ४८ या रेघेच्या आत बसत होते. एक्स्चेंजमध्ये बॅटरीचं धन टोक जमिनीला जोडत, म्हणजे पुरलेल्या तारांचं तांबं ओलाव्यात कमी झिजतं. असं बारीकसारीक शहाणपण त्या एका आकड्याभोवती साचत गेलं.

महाराष्ट्रात भारनियमनाची वर्षं ज्यांनी काढली, त्यांना या बॅटरीचा अर्थ वेगळा सांगायला नको. लाइट गेली, पंखा थांबला, टीव्ही बंद पडला, तरी कोपऱ्यातला लँडलाइनचा फोन खणखणायचाच. त्याला कुठला प्लग लावलेला नसायचा आणि त्याचं नवलही कोणाला वाटत नसे. लाइटचा आणि फोनचा काही संबंध असेल, हेच मुळी कोणाच्या डोक्यात यायचं नाही.

मुकी तार

दरम्यान कॉम्प्युटरवाल्यांनी आपली वेगळी तार तयार केली होती. १९७३ साली कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ यांनी एका टिपणात इथरनेटची कल्पना मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्याबरोबर ती उभी केली. तेव्हा तार होती जाडजूड कोअॅक्सियल. १९९० साली इथरनेट पीळ दिलेल्या तांब्याच्या जोड्यांवर आलं. जोड्यांना पीळ द्यायची युक्ती टेलिफोनची आणि टोकाची पारदर्शक पिनही टेलिफोनच्याच घराण्यातली. ऑफिसांच्या भिंतींतून अशा जोड्या टेलिफोनसाठी आधीच फिरत होत्या, म्हणून तर ही वाट निवडली.

म्हणजे कॉम्प्युटरनं टेलिफोनची तार घेतली, पण तिच्यातली वीज सोडून दिली. इथरनेटच्या प्रत्येक टोकाला एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. तो वरखाली होणारे संकेत पलीकडे जाऊ देतो, पण एकाच दिशेनं वाहणारा सलग प्रवाह अडवतो. एका यंत्रातला बिघाड तारेवरून दुसऱ्याच्या पोटात शिरू नये, म्हणून ही काळजी घेतली होती. कॉम्प्युटरला वीज भिंतीवरच्या सॉकेटमधून मिळत असे. नेटवर्कच्या तारेनं फक्त बोलायचं, खायला घालायचं नाही, असा हा करार होता आणि त्याबद्दल कोणाची तक्रारही नव्हती.

पोरका फोन

१९९८ साली सिस्कोनं डॅलसची सेल्सियस सिस्टिम्स ही छोटी कंपनी सुमारे साडेचौदा कोटी डॉलरना विकत घेतली. सेल्सियसचा फोन आवाजाचे तुकडे करून ते ई-मेलसारखे नेटवर्कच्या तारेवरून पाठवायचा. कल्पना आकर्षक होती. ऑफिसात टेलिफोनचं एक आणि कॉम्प्युटरचं एक अशी दोन जाळी कशाला? एकच केबल ओढा, एकाच माणसाला पगार द्या. थ्रीकॉम, नॉर्टेल, मायटेल या कंपन्याही याच वाटेवर होत्या.

पण फोन जुन्या तारेवरून उठून नव्या तारेवर गेला, तेव्हा त्याची बॅटरी मागे एक्स्चेंजमध्येच राहिली. नवी तार मुकी होती. त्यामुळे प्रत्येक फोनला मोबाइलच्या चार्जरसारखा एक अॅडाप्टर आला आणि प्रत्येक टेबलाखाली एक जादा सॉकेट लागलं. ती गोल खोबण याच काळाची. पाचशे टेबलं म्हणजे पाचशे अॅडाप्टर, पाचशे सॉकेट आणि सफाईच्या झाडूनं रोज निघणारे दहा-बारा प्लग. लाइट गेली की सगळे फोन एका दमात गप्प. टेबलागणिक यूपीएस ठेवणं कोणालाच परवडणारं नव्हतं. शंभर वर्षांपूर्वी घरातून हाकललेली नवसागराची बरणी काळ्या ठोकळ्याचं रूप घेऊन परत टेबलाखाली येऊन बसली होती.

आग लागली, कोणी कोसळलं, तर लाइट असो-नसो, टेबलावरचा फोन उचलला की पलीकडे कोणीतरी बोलतं, एवढीच टेलिफोनची खरी पुण्याई होती. नवा फोन सतरा सोयी देत होता, पण ही एक सोय काढून घेत होता. ज्यांना तो विकत घ्यायचा होता, त्यांच्या हे ध्यानात यायला वेळ लागला नाही.

चुकीच्या पाहुण्याला जेवण

नेटवर्कच्या केबलमध्ये आठ तारा म्हणजे चार जोड्या असतात. त्या काळच्या १० आणि १०० मेगाबिटच्या इथरनेटला दोनच जोड्या लागत, दोन रिकाम्या असत. मग त्यांच्यावर ४८ व्होल्ट सोडायला काय हरकत होती?

हरकत होती ती पिनेची. एकाच आकाराची पिन सगळीकडे चालते. फोनची केबल काढून तीच लॅपटॉपला लावायला कोणाच्याही हाताला दोन सेकंद लागतात. आणि कित्येक नेटवर्क कार्डांत या रिकाम्या जोड्या अगदी मोकळ्या नसत. गोंगाट शोषून घ्यायला त्या ७५ ओहमच्या बारीक रेझिस्टरांना बांधलेल्या असत. एका जोडीकडून दुसरीकडे जाताना असे दोन रेझिस्टर, म्हणजे १५० ओहम, वाटेत येतात. त्यांवर ४८ व्होल्ट पडले तर १५ वॅटच्या आसपास उष्णता निघते आणि ती सोसायची कोणी, तर तिळाएवढ्या दोन तुकड्यांनी. क्षणभरात धूर निघणार. वीज पाठवणं सोपं होतं. ज्याला ती नको आहे त्याला चुकून ती वाढली जाऊ नये, हे अवघड होतं. घरात आलेल्या पाहुण्याला उपास आहे का, हे विचारल्याशिवाय पान मांडायचं नाही, असं काहीतरी व्हायला हवं होतं.

सिस्कोनं २०००च्या सुमारास आपला तोडगा बाजारात आणला. स्विच, म्हणजे ऑफिसातल्या नेटवर्कच्या केबली जिथे येऊन मिळतात ते यंत्र, तारेवर एक विशिष्ट संकेत सोडायचा. वीज नसलेल्या सिस्को फोनमध्ये एक जोडणी अशी असायची की तो संकेत आतून वळून पुन्हा स्विचकडे यायचा. हाक मारली आणि ओळखीचा प्रतिध्वनी आला, की फोन आपलाच, वीज सोडा. लॅपटॉपकडून असा प्रतिध्वनी येत नाही. युक्ती चोख होती, पण घरगुती होती. सिस्कोचा स्विच सिस्कोच्याच फोनची भाषा ओळखणार. इस्राएलच्या पॉवरडीसाइननं दुसरी वाट धरली. स्विच आहे तोच ठेवायचा, पण स्विच आणि फोन यांच्यामध्ये एक पेटी बसवायची. ती येणाऱ्या केबलमध्ये वीज मिसळून पुढे पाठवणार. जुने स्विच भंगारात न काढता काम होत असल्यामुळे पुष्कळांना हे पसंत पडलं.

पंचवीस हजार ओहम

एका घरात चार तऱ्हेचे प्लग चालत नाहीत, हे सगळ्यांना दिसत होतं. इथरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईईई संस्थेत १९९९ साली या विषयावर काम सुरू झालं. थ्रीकॉम, इंटेल, पॉवरडीसाइन, नॉर्टेल, मायटेल आणि नॅशनल सेमीकंडक्टर या कंपन्या सुरुवातीपासून त्यात होत्या. प्रतिस्पर्धी एका टेबलाभोवती बसले आणि चार वर्षं बसले. त्यांच्या खलबतांतून जे निघालं, ते जवळून पाहावं असं आहे, कारण ते फार साधं आहे.

ओळख पटवण्याची खूण ठरली ती २५ हजार ओहमचा एक रेझिस्टर. कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारी, फुटकळ किमतीची वस्तू. ज्या यंत्राला केबलमधून वीज हवी असेल, त्यानं तो दाराशी ठेवायचा. स्विच ४८ व्होल्टनं दार ठोठावत नाही. आधी दहा व्होल्टच्या आतला हलका दाब दोनदा, वेगवेगळ्या पातळीवर लावून पाहतो आणि प्रवाह किती वाढला ते मोजतो. दोनदा का? तर फोनच्या दाराशी डायोडांची चौकट असते, म्हणजे केबलच्या तारा उलटसुलट लागल्या तरी चालावं. हे डायोड थोडे व्होल्ट स्वतःच गिळतात. एकदाच मोजलं तर हिशेब चुकेल, दोनदा मोजून वजाबाकी केली की डायोडांचा वाटा निघून जातो आणि उरतो तो रेझिस्टरचा खरा आकडा. तो पंचवीस हजारांच्या आसपास आला, तर यजमान दुसरा प्रश्न विचारतो: किती खाणार? त्यासाठी १५ ते २० व्होल्टच्या दरम्यान पुन्हा एक चाचणी होते आणि फोन आपला वर्ग सांगतो. चार वॅटचा, सातचा, की पंधराचा. मगच ४८ व्होल्ट सुटतात. हे सगळं सेकंदाच्या आत घडतं. केबल लावणाऱ्याला फक्त फोनचा पडदा उजळलेला दिसतो.

पाहुणा उठून गेला हेही कळायला हवं. फोन काढून कोणी लॅपटॉप लावला आणि तारेवर ४८ व्होल्ट तसेच राहिले, तर मूळ धोका तिथेच. म्हणून फोननं सतत किमान १० मिलिअँपिअर तरी घेत राहायचं. तेवढंही थांबलं, तर सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात स्विच वीज तोडतो. माणसाच्या हाताला एक पिन काढून दुसरी घालायला याहून जास्त वेळ लागतो. समितीनं माणसाच्या बोटांशी शर्यत लावली होती आणि ती जिंकली होती.

किती वीज द्यायची, याचा हिशेब तर शाळेतल्या पोरालाही करता येईल. स्विचकडून निघणारा दाब कमीत कमी ४४ व्होल्ट धरला आणि प्रवाह ३५० मिलिअँपिअरवर बांधला. गुणाकार करा, १५.४ वॅट. शंभर मीटरची वाईटात वाईट केबल जाऊन-येऊन २० ओहम विरोध करते. ३५० मिलिअँपिअर तिच्यातून गेले तर २.४५ वॅट वाटेतच उष्णता होऊन जातात. उरले १२.९५. म्हणूनच फोनच्या हाती पडणाऱ्या विजेचा आकडा असा विचित्र, तेराला किंचित कमी आहे. तो कोणाच्या मनात आलेला आकडा नाही, तांब्याच्या तारेनं आपला कर कापून घेतल्यावर उरलेली शिल्लक आहे.

खरा वाद झाला तो वीज कोणत्या जोड्यांवरून न्यायची यावर. रिकाम्या दोन जोड्या वापरा, असं एका बाजूचं म्हणणं. पुढे गिगाबिट इथरनेट चारही जोड्या वापरणार, रिकामं असं काही उरणारच नाही, हा दुसऱ्या बाजूचा मुद्दा. मग बोलणाऱ्या जोड्यांवरूनच वीज कशी जाईल? याचं उत्तर टेलिफोनवाल्यांच्या माळ्यावरच धूळ खात पडलं होतं. १८८२ साली फ्रँक जेकब यांनी दोन जोड्यांतून तिसरं, जादा तारेविना मंडल काढण्याची युक्ती मांडली होती. अमेरिकेत जॉन कार्टी यांनी तिचा पुढे विकास केला. कावडीच्या दोन्ही घागरी सारख्या भरल्या, तर कावड एका बाजूला झुकत नाही. जोडीतल्या दोन्ही तारांवर सारखाच दाब चढवला, तर त्यांच्यातला फरक शून्यच राहतो, आणि संकेत तर फरकातच राहतात. त्यांना कळतही नाही की खांद्यावर ओझं आहे. एक जोडी जाणारी, दुसरी येणारी, की फोनचं मंडल पूर्ण. १९६६ साली जर्मनीच्या नॉयमन कंपनीनं नॉर्वेच्या आकाशवाणीसाठी मायक्रोफोनला याच रीतीनं ४८ व्होल्ट पुरवले होते.

समितीनं शेवटी दोन्ही रीती मान्य केल्या. वीज देणाऱ्यानं कुठलीही एक निवडावी. घेणाऱ्याला मात्र दोन्ही पचायला हव्यात. यजमानानं हवं ते शिजवावं, पाहुण्यानं नाव ठेवू नये, असा हा निकाल. वाद मिटवताना सगळा भार लहान यंत्रावर ढकलला होता, पण त्यामुळे कुठलाही फोन कुठल्याही स्विचला चालू लागला.

१२ जून २००३ रोजी हा नियम मंजूर झाला. त्याचं अधिकृत नाव ८०२.३एएफ. बाजारात लोक म्हणतात पीओई, म्हणजे पॉवर ओव्हर इथरनेट.

दोन महिन्यांनी

१४ ऑगस्ट २००३ला दुपारी चारच्या पुढे काही मिनिटांत अमेरिकेच्या ईशान्य भागातली आणि कॅनडाच्या ओंटारियो प्रांतातली वीज गेली. न्यूयॉर्कपासून टोरांटोपर्यंत सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले. मोबाइलचे मनोरे बॅटरी संपेल तसे मालवत गेले. प्लगवर चालणारे बिनतारी घरगुती फोन तर लगेचच गेले. पण जुने, साधे, भिंतीला दोन तारांनी बांधलेले फोन बहुतेक ठिकाणी बोलत राहिले. एक्स्चेंजच्या खोलीत शिसे-आम्लाचे सेल होते, त्यांच्यामागे डिझेलचे जनरेटर होते. लेक्झिंग्टनच्या त्या खोलीची पुण्याई एकशे दहा वर्षांनीही कामाला आली.

नुकत्याच मंजूर झालेल्या नियमानं काय केलं आणि काय नाही, हे त्या दिवशी लख्ख दिसलं. पीओई वीज निर्माण करत नाही. तो टेबलाखालचे पाचशे प्रश्न गोळा करून एका कपाटात आणून ठेवतो. स्विचच्या कपाटात यूपीएस असेल आणि त्याच्या बॅटऱ्यांत जीव असेल, तर फोन चालणार. नसेल, तर पाचशे फोन पूर्वीसारखेच एका दमात गप्प. आपल्याकडच्या ऑफिसांत हे दृश्य नेहमीचं आहे. लाइट जाते, खाली डिझेलचा जनरेटर सुरू व्हायला काही सेकंद लागतात. ज्या मजल्यावरच्या रॅकला यूपीएस आहे, तिथले फोन डोळाही मिटत नाहीत. जिथे नाही, तिथे सगळे पडदे काळे होतात आणि मग कंपनीचं चिन्ह दाखवत मिनिटभर जुळवाजुळव करत बसतात.

पुढे पैशाचीही भांडणं झाली. मार्च १९९९मध्ये मर्लो कम्युनिकेशन्स या अमेरिकी कंपनीनं केबलवरून दूरच्या यंत्राला वीज देण्याच्या एका रीतीसाठी पेटंटचा अर्ज केला होता. २००१ साली ते मिळालं. नंतर ते नेटवर्क-१ नावाच्या कंपनीकडे गेलं आणि तिनं कोर्टाची पायरी चढली. २०१०च्या जुलैमध्ये सिस्कोसह काही कंपन्यांनी मिळून सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर देऊन हे प्रकरण मिटवलं.

वीज मात्र वाढत गेली. २००९च्या नियमानं स्विचकडून ३० वॅट दिले. २०१८चा नियम चारही जोड्या कामाला लावून ९० वॅटपर्यंत गेला. एवढ्या विजेचा टेबलावरच्या फोनला उपयोग नव्हता. आज त्या केबलवर छतावरचे वायफायचे चपटे डबे चालतात, कोपऱ्यातले कॅमेरे चालतात, दाराचं कार्ड वाचणारी यंत्रं चालतात. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप झाला तो फोन टेबलावरून हळूहळू उठतो आहे, कारण बोलणं मोबाइलवर आणि लॅपटॉपच्या हेडफोनवर गेलं.

आता रॅकच्या तळाशी वाकून पाहा. यूपीएस असेल तिथे, त्याच्यावर जुन्या पॅच कॉर्डचा गुंता असेल. कित्येकांच्या पोटात १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. बेरीज करा, पुन्हा ४८. शिसं आणि आम्ल तेच. फक्त आता दारोदार फिरून बरण्या भरणारा माणूस नाही आणि एक्स्चेंजच्या बॅटरी-खोलीत हजेरी लावणाराही नाही. बॅटरी बदलल्याची तारीख लिहायला वर एक चिठ्ठी चिकटवलेली असते. बहुतेक ठिकाणी तीही फोनच्या पाठीवरच्या त्या खोबणीसारखीच रिकामी असते.